दोन पातेली, एक पाक: हुरड्याच्या रात्री फ्रेंच पद्धतीची गरम वाईन

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



डिसेंबर संपत आला की बीडकडं रात्री चांगल्याच गार होतात. शेतात ज्वारी हुरड्यात येते, पुण्या-मुंबईला गेलेली भावंडं शनिवार-रविवार गाठून गावाकडं येतात आणि शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजायची, हातावर चोळायची, आणि गरम हुरडा शेंगदाण्याच्या चटणीसोबत, गुळासोबत, दह्यासोबत खायचा. हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

पण गेल्या काही वर्षांत या बैठकीत एक नवी गोष्ट आली आहे. शहरातून आलेला एखादा चुलतभाऊ किंवा भाची पिशवीतून रेड वाईनची बाटली काढते आणि म्हणते, "आज आपण मल्ड वाईन करू." मग कुणीतरी मोठं पातेलं चुलीवर ठेवतं, बाटली ओततं, घरातला सगळा खडा मसाला टाकतं आणि चहासारखी खळखळ उकळी आणतं. पुढं काय होतं? कडू, आंबट, डोक्यात जाणारा वास असलेलं काहीतरी तयार होतं. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "उकळलीय ना, आता त्यात दारू राहिली नाही. पोरांना द्या थोडी, सर्दीला बरी."

आजचा भाग या दोन चुकांसाठी आहे. पहिली चूक चवीची आहे, दुसरी जास्त गंभीर आहे. दोन्हींचं मूळ मात्र एकच: आपण या पेयाला काढा समजतो. ते दिसतं काढ्यासारखं, पण त्याचं गणित उलटं आहे.

हे नक्की आहे काय?

फ्रेंचमध्ये याला 'व्हॅं शो' म्हणतात. शब्दशः अर्थ 'गरम वाईन', बस. जर्मनीत याचीच बहीण 'ग्ल्यूवाइन', स्वीडनकडं 'ग्लग'. फ्रान्समध्ये हे पेय आल्प्सच्या बर्फाळ डोंगरात आणि नाताळच्या बाजारांत मिळतं. जर्मनीला लागून असलेल्या आल्सास प्रांतात स्ट्रासबूर्ग नावाचं शहर आहे. तिथला नाताळचा बाजार १५७० पासूनचा मानला जातो. त्या बाजारात आजही मोठ्या भांड्यांतून वाफाळती वाईन पेल्यात भरून देतात.

फ्रेंच पद्धतीत सामान मोजकं असतं: रेड वाईन, संत्रं, दालचिनी, लवंग, चक्रीफूल, साखर किंवा मध. मसाला वाईनच्या मागं उभा राहतो, पुढं येत नाही. आपल्याकडं उलट होतं. आपला हात मसाल्याला सैल, त्यामुळं वाईनचा मसालेभात होतो.

आता तुम्ही म्हणाल, बीडचा आणि या युरोपातल्या पेयाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. वाईनमध्ये मध आणि मसाला घालायची रीत रोमन लोकांची. त्यांच्या अशा मसालेदार वाईनमध्ये काळी मिरी असायची, आणि ती मिरी जायची आपल्या मलबार किनाऱ्यावरून. उलट्या दिशेनं काय यायचं? पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची समुद्रव्यापाराची माहितीपुस्तिका आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तिनं वाईन नोंदवली आहे, आणि इटलीच्या वाईनला पसंती असल्याचंही सांगितलं आहे. त्याच पुस्तिकेत दख्खनमधल्या दोन बाजारपेठांची नावं येतात: पैठण आणि तगर. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. नकाशा उघडा आणि पैठण ते तेर सरळ रेघ ओढा. ती जवळपास बीड शहरावरूनच जाते.

म्हणजे मसाला आपला, पद्धत त्यांची. आणि आता तर वाईनही इथलीच आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राची मदत घेऊन फसफसती वाईन केली. पुढं नाशिकमध्ये द्राक्षबागांच्या जोडीला वायनरी उभ्या राहिल्या आणि २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं स्वतंत्र धोरण आणलं. त्यामुळं परदेशी बाटली शोधत बसायची गरज नाही.

काढा आणि गरम वाईन यांत फरक काय?

काढा करताना आपण काय करतो? पाणी उकळतो आणि आटवतो. वनस्पतीतला अर्क पाण्यात उतरावा, पाणी उडावं, अर्क राहावा, हा हेतू. पाणी १०० अंशाला उकळतं. उडालं तर काही बिघडत नाही, तेच हवं असतं.

वाईनचं तसं नाही. वाईनमधलं अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं. वाईनचा सुगंध ज्या घटकांमुळं असतो, ते त्याहूनही लवकर उडून जातात. खळखळ उकळी आली की आधी सुवास जातो, मग थोडं अल्कोहोल जातं, आणि मागं उरतात आम्ल आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे कोऱ्या चहात जीभ आखडते ना, तो तुरटपणा. म्हणजे वाईन उकळून तुम्ही तिच्यातलं चांगलं ते उडवता आणि कडवट ते घट्ट करता.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा: मसाला उकळायचा, वाईन नाही. मसाल्याचा पाक वेगळा करायचा, तिथं हवी तेवढी उकळी आणा. वाईन त्यानंतर घालायची आणि फक्त गरम करायची, ७० अंशांच्या आत. तापमापक नसेल तरी अडत नाही. दूध तापवताना साय धरायच्या आधी नुसती वाफ दिसायला लागते, तो टप्पा. कडेला अगदी बारीक बुडबुडे दिसले की आच काढा.

सामान: दुकानात काय मागायचं

*वाईन.* शिराझ, झिनफँडल किंवा कॅबरने, कोणतीही कोरडी रेड वाईन चालते. महागडी घेऊ नका, साखर आणि लवंगेखाली तिची नजाकत झाकली जाते. पण महिनाभर उघडी राहिलेली, आंबलेली बाटलीही घालू नका. गरम झालं की व्हिनेगरचा वास आणखी वर येतो. लहान गावात बऱ्याचदा 'पोर्ट' नावाची गोड वाईनच मिळते. ती चालेल, फक्त तिच्यात साखर आधीच भरपूर असते. तेव्हा पाकातली साखर निम्म्याहून कमी करा. परवान्याचे आणि वयाचे नियम आपल्या राज्यात वाईनलाही आहेत, हे विसरू नका.

*संत्रं.* नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्यात बाजारात असतो, तो उत्तम. आपल्याला सालीचा फक्त नारिंगी थर हवा. सुगंधी तेल तिथंच असतं. आतला पांढरा भाग कडू. मी पहिल्यांदा केली तेव्हा संत्र्याच्या सालीसकट चकत्या टाकल्या आणि वीस मिनिटं उकळल्या. फोटो सुंदर आला, पण वाईन कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. साल कोमट पाण्यानं धुवा आणि बारीक किसणीवर हलक्या हातानं किसा.

*चक्रीफूल.* आठ पाकळ्यांचं, चांदणीसारखं. दगडफूल नव्हे. आपल्या काळ्या मसाल्यात दोन्ही असतात, त्यामुळं गडबडीत दगडफुलाची पुडी हातात येते. मातकट वासाचं दगडफूल वाईनमध्ये गेलं की सगळं वाया.

*दालचिनी.* किराणा दुकानात मिळते ती बहुधा जाड सालीची असते. ती उग्र असते, बोटभर तुकडे दोन पुरेत. पूड वापरू नका. ती गाळली जात नाही आणि तळाशी चिखल होतो.

*लवंग.* मोजून घाला. लवंगेतलं तेल इतकं जोरकस असतं की चार जास्त पडल्या तर दातदुखीचं औषध प्यायल्यासारखं वाटतं.

*साखर की गूळ?* आपल्या जिल्ह्यात उसाची कमी नाही, गुळाचा मोह होतोच. पण गुळाची स्वतःची खमंग, किंचित खारट चव वाईनवर चढते आणि रंगही मळकट दिसतो. साधी साखर घ्या. मध घालायचा असेल तर आच बंद केल्यावर.

*भांडं.* स्टीलचं. वाईन आम्लधर्मी असते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तिला धातूची चव येते. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तर मुळीच नको. त्यात आंबट पदार्थ ठेवू नये हे आजी सांगायच्या, तेच इथंही लागू.

कृती: एक पाक, दोन पातेली

आता माझी पद्धत सांगतो. मी पाक एकच करतो, आणि पातेली दोन ठेवतो. एक वाईनचं, दुसरं बिनदारूचं. का, ते पुढं सांगतो.

पाक (दोन्हींसाठी मिळून). पाणी ३०० मिली, साखर १२० ग्रॅम, दालचिनीचे बोटभर तुकडे दोन, लवंगा आठ, चक्रीफुलं दोन, अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. शेवटच्या दोन मिनिटांत दोन संत्र्यांच्या सालीचा कीस घाला. झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या आणि गाळा. मसाला काढून टाकायचा, आत ठेवायचा नाही. ठेवला तर तासाभरात लवंग बाकी सगळ्यांना दाबून टाकते. हा पाक सकाळी घरी करून बाटलीत भरून शेतावर नेला तरी चालतो.

पहिलं पातेलं. अर्धा पाक, ७५० मिलीची एक बाटली वाईन, एका संत्र्याचा रस. अगदी मंद आचेवर झाकण ठेवून गरम करा. चूल असेल तर जाळ नको, निखारे ओढून त्यावर ठेवा. वाफ दिसली की उतरवा. छोटे आठ ग्लास होतात, प्रत्येकी साधारण १२० मिली.

दुसरं पातेलं. चार-पाच मोठ्या डाळिंबांचा रस, म्हणजे साधारण ४०० मिली. दाणे मिक्सरमध्ये क्षणभरच फिरवा, बिया भरडल्या की रस कडवट होतो. त्यात ३०० मिली कोरा चहा, उरलेला पाक, एका संत्र्याचा रस आणि अर्धं लिंबू. हेही उकळायचं नाही. कोरा चहा कशासाठी? वाईनमधला तुरटपणा टॅनिनचा असतो आणि चहातही टॅनिनच्याच जातीची द्रव्यं असतात. नुसता डाळिंबाचा रस सरबतासारखा लागतो. चहा घातला की त्याला अंग येतं. लहान मुलांसाठी चहा कमी करून कोमट पाणी घाला.

काही फ्रेंच घरांत वाईनमध्ये वरून थोडी ब्रँडी घालतात. शेतावर आगटीशेजारी हे करूच नका. वाईन सहसा पेट घेत नाही, पण ४० टक्के अल्कोहोलच्या ब्रँडीची वाफ उघड्या जाळाजवळ भडकू शकते.

द्यायचं कशात? स्टीलच्या पेल्यानं ओठ भाजतात. टपरीवरचा जाड चहाचा ग्लास किंवा चिनी मातीचा कप उत्तम. काचेच्या ग्लासात आधी स्टीलचा चमचा ठेवा, मग ओता, म्हणजे तडकायची भीती कमी.

गरम केल्यावर दारू उडून जाते का?

नाही. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत यावरची आकडेवारी आहे. उकळत्या पदार्थात अल्कोहोल घालून लगेच आचेवरून काढलं तर सुमारे ८५ टक्के अल्कोहोल तसंच राहतं. पंधरा मिनिटं शिजवलं तर ४० टक्के, अर्धा तास शिजवलं तर ३५ टक्के आणि एक तासानंतरही २५ टक्के. भांडं, झाकण, आच यांवर हे बदलतं, पण शून्य होत नाही. आणि आपण तर वाईन उकळतच नाही. म्हणजे बाटलीत होतं त्यातलं बहुतेक सगळं ग्लासात येतं.

हिशोब करून बघू. १३ टक्क्यांच्या ७५० मिली वाईनमध्ये साधारण ९७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, वजनात ७७ ग्रॅम. आठ ग्लासांत वाटलं तर ग्लासाला साडेनऊ ग्रॅम. थोडं उडालं असं धरलं तरी आठ-नऊ ग्रॅम राहतंच. ते शरीरातून जायला साधारण एक तास लागतो. तीन ग्लास प्यायलात तर तीन तास. गोड आणि गरम असल्यामुळं ती पटकन पोटात जाते, आणि चव काढ्याची असल्यामुळं पिणाऱ्याला आपण किती घेतली हे कळतही नाही.

म्हणून "सर्दीला बरी" म्हणून पोरांना चमचाभरसुद्धा द्यायची नाही. गरोदर बाईला नाही. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा जंतुसंसर्गाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि "अंगात ऊब येते" हेही अर्धंच खरं. अल्कोहोलनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. उघड्या शेतात स्वेटर काढून बसलात तर जास्त गारठाल.

गाडी कोण चालवणार?

हुरडा पार्टी संपते रात्री. शेतापासून गावापर्यंत आणि गावापासून शहरापर्यंत कुणीतरी गाडी चालवणार असतं. वाटेत उसाचे ट्रॅक्टर असतात, एकामागं एक दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा असेल याची खात्री नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळलं तर गुन्हा होतो. पहिल्या वेळेला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन ग्लासांत ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. आणि कायदा सोडा, पुढच्या ट्रॉलीला ३० मिलिग्रॅमचं काही पडलेलं नसतं.

माझ्या दुसऱ्या पातेल्याचं हेच कारण आहे. ज्याला गाडी चालवायची आहे त्याला "तू पाणी पी" म्हटलं तर तो तासाभरात "एकच घेतो" म्हणतो. त्याच्याही हातात तोच दालचिनीचा वास आणि तोच लाल रंग असलेला गरम ग्लास असेल, तर तो बैठकीतच राहतो.

आणि फक्त ड्रायव्हरच नाही. आपल्या घरांत कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते. कुणाचा दारूनं संसार मोडलेला असतो, कुणी मोठ्या कष्टानं ती सोडलेली असते. जानेवारी २०२२ मध्ये वाईन सुपरमार्केटमध्ये विकायचा निर्णय तेव्हाच्या मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा राज्यभर 'वाईन म्हणजे दारू की नाही' असा वाद झाला. शेतकऱ्याच्या द्राक्षांचं काय, हा प्रश्न त्यात होता आणि तो खोटा नव्हता. पण आगटीभोवती बसल्यावर उत्तर सोपं आहे. १३ टक्के अल्कोहोल आहे, म्हणजे दारू आहे. घ्यायची तर सांगून घ्यायची, द्यायची तर सांगून द्यायची.

म्हणून माझे तीन नियम. एक, दुसरं पातेलं आधी करायचं, पळी आणि गाळणी वेगळी. माळकरी मामांना आपण निर्धास्तपणे सांगू शकलो पाहिजे की "मामा, याला वाईनचा थेंब लागलेला नाही." दोन, रंग सारखा असल्यामुळं ग्लास वेगळे ठेवायचे. वाईन कपात, दुसरं काचेच्या ग्लासात. अंधारात चुकून पोराच्या हातात भलतं जायला नको. तीन, वाईनच्या पातेल्याजवळ एकच मोठं माणूस बसणार आणि तेच ओतणार. दुसरं पातेलं सगळ्यांना खुलं.

उरली तर?

गार झाल्यावर गाळून स्वच्छ बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस चांगली राहते. पुन्हा गरम करताना तोच नियम: वाफ, उकळी नाही. बाटलीवर चिठ्ठी मात्र लावा. सकाळी कुणी डाळिंबाचा रस समजून डब्यात भरून द्यायला नको.

तर मंडळी, यंदाच्या हुरड्याला करून बघा. पाक एक, पातेली दोन, आणि वाईनला उकळी नाही. तुमच्याकडं दुसऱ्या पातेल्यात काय घातलंत, कोकम, बोरं की आणखी काही, ते मला नक्की कळवा. मला वाटतं, खरी गंमत त्याच पातेल्यात आहे.

भेटू पुढच्या भागात. स्वेटर घालून बसा, आणि गाडी सावकाश चालवा.